पहिली फ्री सर्व्हिस अजून बाकी आहे

नवी गाडी घेतलीय? मग तो सीन तुम्हाला सांगायला नको. शोरूमच्या मधोमध गाडी, अंगावर लाल साटीनचा झगा, बॉनेटवर रिबिनीचं भलंमोठं फूल, शेजारच्या टेबलावर केक. कुणीतरी म्युझिक लावतं, झगा सरकतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. जणू नवरीच बाहेर येतेय! मग पुठ्ठ्याची हातभर किल्ली धरून फोटो. फोटो त्याच संध्याकाळी स्टेटसवर, आणि पहिला ईएमआय पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला.

माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी रत्नागिरीत अशीच गाडी घेतली. दादा तिथे बँकेत आहे. गाडी पांढरी. (कोकणातली लाल माती आणि पांढरी गाडी. त्याला सांगून बघितलं, ऐकत नाही.) डिलिव्हरीला अख्खं खानदान हजर. आजोबा, वय वर्षं ८६, सोफ्यावर मशीनची कॉफी पीत बसले होते. सेल्सवाल्या मुलाने सनरूफ दाखवलं, सहा एअरबॅग मोजून दाखवल्या, मोबाइलवरून एसी सुरू करून दाखवला. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ते सगळं ठीक आहे रे. पण हिला बघणार कोण?"

बिचारा मुलगा गडबडला. "सर, आपलं सर्व्हिस सेंटर आहे ना मागे."

"ते दिसलं मला. माणूस कोण?"

याचं उत्तर काही त्या ब्रोशरमध्ये नव्हतं.

घरी आल्यावर आजोबांनी कपाटातून एक बारकं, कडा पिवळ्या पडलेलं पुस्तक काढलं. त्यांच्या फियाटचं. साल १९७९. शेवटच्या पानांवर फ्री सर्व्हिसची तीन कुपनं, ठिपक्यांच्या रेषेसकट जशीच्या तशी. एकही कापलेलं नाही! का? तर गाडी कोल्हापूरच्या डीलरकडची, म्हणजे फ्री सर्व्हिसही कोल्हापुरात. जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरच्या वर आणि दोनदा आंबा घाट. "फुकट कसली?" आजोबा म्हणाले. "पेट्रोलात चार सर्व्हिसिंग झाल्या असत्या."

त्या कुपनांनी माझं डोकं जाम खाल्लं. डीलर या प्राण्याचा मूळ धंदा नक्की काय? गाडी विकणं, की विकलेल्या गाडीकडे बघणं? म्हटलं जरा मागे जाऊन बघू.

मागे म्हणजे थेट १८८८ मध्ये. कार्ल बेन्झची तीनचाकी मोटार तेव्हा कुणी विकत घेईना. पॅरिसच्या एमिल रोजे नावाच्या गृहस्थांनी ती विकायचं मनावर घेतलं, आणि मोटारींच्या पहिल्या डीलरचा मान त्यांना दिला जातो. पण माझ्या मते त्या वर्षीची खरी हिरोइन बर्था बेन्झ. नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ही बाई ऑगस्टमध्ये मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधन संपलं, ते वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. तेव्हा डाग काढायला वापरायचं एक द्रव असायचं, त्यावर गाडी चालली. साखळी लोहाराकडून ठीक करून घेतली. ब्रेक झिजले, तर मोच्याकडून त्यावर चामडं मारून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती हॅटच्या पिनेने मोकळी केली. पेट्रोल पंप म्हणून केमिस्ट, सर्व्हिस सेंटर म्हणून लोहार आणि ब्रेक स्पेशालिस्ट म्हणून मोची. सही ना? कोकणात गाडी चालवलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे साबण लावून पेट्रोलची टाकी बुजवलेली आहे आणि तुटलेल्या फॅन बेल्टच्या जागी ओढणी बांधून गाड्या घरी आलेल्या आहेत.

मग या यंत्राचं दुकान घालायची हिंमत कुणी केली? सायकलवाल्यांनी. डेट्रॉइटमध्ये १८९० च्या दशकाच्या शेवटी विल्यम मेट्झगरने मोटारींचं दुकान थाटलं, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या दुकानांपैकी एक. तो आधी सायकली विकायचा. त्यात लॉजिकही आहे. चेन, टायर, ट्यूब, पंक्चर हे सगळं त्याला पाठ, आणि वेगाची हौस असलेलं गिऱ्हाइकही ओळखीचं. आपल्याकडची गंमत बघा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये नोकरीला होते, तेव्हा ते मुंबईहून बेळगावला सायकली पाठवत. त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या तिथे विकत, आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. किर्लोस्करांच्या कारखानदारीची सुरुवात १८८८ पासून मोजतात, म्हणजे बर्थाबाईंचंच साल. मुंबईत ऑपेरा हाउसला १९१९ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं तर नावच 'बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी'. आधी सायकल, मग मोटर.

मुंबईत मोटार त्याच्या बरीच आधी, १८९८ च्या सुमारास आली. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचं नाव सांगतात. तेव्हाची मोटार घेणं म्हणजे आपल्यासारखं सही करून किल्ली घेणं नव्हतं, बॉस. गाडी बोटीने खोक्यात बंद होऊन यायची, ती एजंटाकडे जोडली जायची. अनेकदा विकत मिळायचं ते नुसतं इंजिन आणि सांगाडा. त्यावर बॉडी चढवायला कोचबिल्डर वेगळा, जो कालपर्यंत बग्ग्या बनवत होता. पेट्रोल डब्यातून मिळायचं. दिवे कार्बाइडवर. इंजिन सुरू करायला पुढून हॅण्डल मारायचं, आणि ते उलट फिरलं की मनगट गेलंच. (कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर दिला तो १९१२ मध्ये. जगभरच्या मनगटांनी आभार मानले असतील.) त्यामुळे गाडीबरोबर माणूस लागायचाच. शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच मुळी भट्टीत कोळसा घालणारा. तो गाडी हाकायचा कमी, जिवंत ठेवायचा जास्त. मालकाला चालवायला शिकवणं, ड्रायव्हर शोधून देणं, गाडी आपल्या गॅरेजमध्ये ठेवून घेणं, सुट्या भागांसाठी विलायतेला तार करणं, ही सगळी कामं विकणाऱ्याच्याच गळ्यात. आज आपण ज्याला 'आफ्टर सेल्स' म्हणतो, ते काढून घेतलं तर त्या वेळच्या डीलरकडे विकायला काही उरतच नव्हतं. बंद पडणारी गाडी कोण घेणार?

त्याच १९१९ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, मोटारवाल्यांची स्वतःची संघटना. आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. शेव्हरोले आता शिवडीची झाली!

आणि रत्नागिरी? रत्नागिरीला माणसं येत होती बोटीने. बोट खोल पाण्यात थांबणार, मग पडावात उतरायचं आणि काठ गाठायचा. खुश्कीची वाट म्हणजे आंबा घाट चढून कोल्हापूर. तिथे रेल्वे १८९१ मध्येच आली होती. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ मध्ये. म्हणजे मधली शंभरेक वर्षं जे काही चाकांचं, यंत्रांचं रत्नागिरीला यायचं, त्यातलं बरंच कोल्हापुरावरून घाट उतरून यायचं. हा घाट या गोष्टीतलं मोठं पात्र आहे, लक्षात ठेवा.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. पर्यटक म्हणून तुम्ही त्याचा पॅलेस बघितला असेल, तो १९१० मध्ये बांधून झाला. या राजाच्या मुलखात येनानजाँगला तेलाच्या विहिरी होत्या आणि त्या तेलावर राजाची मक्तेदारी असायची. राजा इकडे आला त्याच वर्षी तिकडच्या तेलासाठी बर्मा ऑइल कंपनी निघाली. पुढे हिंदुस्थानातल्या मोटारींना याच ब्रह्मी तेलातलं पेट्रोल मिळायला लागलं. थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. मोटारींचं युग उजाडत होतं, आणि त्या तेलाचा एके काळचा मालक इथे समुद्र बघत बसला होता. असो.

तर मोठ्या एजन्स्या मुंबईत राहिल्या आणि रत्नागिरीत राहिला तो मिस्त्री. आधी प्रवासी वाहतूक करणाऱ्या खासगी मोटारी आल्या. मग १९४८ मध्ये पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढे ती गावोगाव पोचली, डेपो आले, वर्कशॉप आली. एसटीत स्पॅनर धरायला शिकलेली आणि संध्याकाळी घरच्या अंगणात लोकांच्या जीप खोलणारी माणसं तुम्हालाही कोकणात भेटली असतील. आजोबांचे मिस्त्री त्यातलेच, एका खासगी मोटारवाल्याच्या मेकॅनिकचा मुलगा. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो.

देश स्वतंत्र झाल्यावर डीलरचं रूपच पालटलं, आणि माझ्या मते बिघडलं. सरकारने १९५३ मध्ये धोरण ठरवलं: इथे खरोखर गाडी बनवणार असाल तर थांबा, नुसत्या जोडणार असाल तर चालू पडा. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. उरल्या मोजून तीन-चार कंपन्या. वालचंद हिराचंदांची १९४४ मध्ये स्थापन झालेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यातली एक. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० यायला लागली. गाड्या कमी, घेणारे जास्त. म्हणजे नंबर! अर्ज करा, पैसे भरा आणि विसरून जा. ज्याचा नंबर आधी लागला तो गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी वरचे पैसे लावून विकायचा. या वरच्या पैशांना आपल्याकडे झकास शब्द होता: 'ऑन'. "फियाट ऑनमध्ये घेतली" असं लोक जरा खालच्या आवाजात सांगायचे. स्कूटरची तीच गत. बजाजला डॉलर भरून नंबर लवकर लावता यायचा, त्यामुळे ज्याचा भाऊ आखातात त्याच्या दारात चेतक आधी.

अशा बाजारात डीलरला गिऱ्हाइकामागे धावायची गरजच काय? गिऱ्हाइकच त्याच्या टेबलासमोर टोपी हातात घेऊन उभं. मग घाट उतरून रत्नागिरीत वर्कशॉप काढायला कोण येतोय? टंचाईचं हे गणित आहे. गाडी न विकण्याची भीतीच नसेल, तर बघायची जबाबदारी आपोआप गळून पडते.

आजोबांनी १९७२ मध्ये नंबर लावला, गाडी मिळाली १९७९ मध्ये. सात वर्षं! मधल्या काळात माझ्या आईची दुसरीपासून नववी झाली. पत्र आलं, तेव्हा आजोबा चाचांना घेऊन लाल डब्याने कोल्हापूरला गेले. चाचा तेव्हा पंचविशीतले. सह्या करायच्या आधी चाचांनी बॉनेट उघडायला लावलं आणि दहा मिनिटं नुसते कान लावून उभे राहिले. डीलरचा माणूस वैतागला, "अहो, नवी गाडी आहे." चाचा म्हणाले, "नवी हाय, म्हणूनच ऐकतोय." आज आपल्याला याच कामाची 'प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन' अशी छापील चेकलिस्ट देतात. मग मागच्या काचेवर 'रनिंग इन' असा कागद चिकटवून, चाळिसाच्या वर काटा न जाऊ देता, दोघांनी गाडी घाटाखाली आणली. साखरप्याला नारळ फोडला. त्यानंतरची सगळी सर्व्हिसिंग चाचांच्या अंगणात, फणसाखाली. पार्ट मुंबईच्या ऑपेरा हाउसहून, कुणी येणारं-जाणारं असेल त्याच्या पिशवीतून. नाहीतर एसटी पार्सलने. कुपनं राहिली ती राहिलीच.

चित्र बदललं मारुतीने. कंपनीने १९८३ मध्ये बुकिंग उघडलं, दहा हजार रुपये डिपॉझिट, आणि दोन महिन्यांत सुमारे १ लाख ३५ हजार लोकांनी पैसे भरले. नंबर कॉम्प्युटरने ठरवला, म्हणजे डीलरच्या खिशात हात घालायची सोय संपली. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. डीलरकडे नुसती शोरूम नाही, वर्कशॉप आणि पार्टही हवेतच, असा आग्रह कंपनीने धरला. छोट्या गावांतून शोरूमच्या आधी ऑथोराइज्ड सर्व्हिस स्टेशनची निळी पाटी दिसू लागली. पुढे १९९३ मध्ये मोटारींवरचं लायसन्स राज गेलं, परदेशी कंपन्या आल्या, बँका कर्ज द्यायला दारात आल्या. आंब्याचे पैसे आले की पिकअप आणि गणपतीच्या आधी कार, असा रत्नागिरीचा सीझनही बसला. एमएच-०८ च्या नव्या कोऱ्या पाट्या आता घाट न उतरता रस्त्यावर येतात.

मग सगळं छान झालं म्हणायचं? तेच तर! गणपतीनंतर दादा कोल्हापूरहून परत येत होता. आंबा घाटात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीने जीवच टाकला, वीसच्या वर जाईना. हेल्पलाइनला फोन लावला.

"सर, नियरेस्ट लँडमार्क?"

"घाट."

"सर, घाटमध्ये कुठला एरिया?"

पाऊस, धुकं, रात्रीचे साडेआठ, गाडीत वहिनी आणि चार वर्षांची पोर. टोइंग व्हॅन यायला साडेतीन तास लागले. मधे दादाने चाचांना फोन केला. चाचा आता सत्तरी ओलांडलेले. त्यांनी विचारलं, आवाज काय येतोय? काही नाही. वास? काही नाही. गरम झालीय? नाही. चाचा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ती तुझ्याशी बोलत नाय रे बाबा. ती कंपनीशी बोलते. मी काय ऐकू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण नेमका हाच वाद आपल्या देशात मोठ्या पातळीवर झालाय. गाड्यांचे सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं कंपन्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, मालकाला ऑथोराइज्ड सेंटरशिवाय पर्याय ठेवत नाहीत, असा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, वकील कामाला लागले. पण प्रश्न आजोबांचाच होता: गाडी माझी, मग तिला बघणार कोण हे ठरवणार कोण? साठ-सत्तरच्या दशकातल्या डीलरला आपली गाडी बघायचीच नव्हती. आताच्या कंपनीला ती दुसऱ्या कुणाला बघू द्यायची नाही. वॉरंटी संपल्यावरची पहिली सर्व्हिस कुठे करायची हा तुमचाही प्रश्न असेल, तर त्या बिलाकडे आणि 'लेबर चार्जेस'च्या रकान्याकडे एकदा नीट बघा. चाचांच्या भाच्याने मध्यंतरी एक स्कॅनर आणलाय, बऱ्याच गाड्यांचे कोड वाचतो. दादाच्या गाडीचा मात्र वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये निदान झालं. उंदीर! सेन्सरची वायर कुरतडली होती. आणि उंदीर वॉरंटीत बसत नाही. बिल नऊ हजार चारशे. वायरचा अख्खा जुडगा बदलला, कारण तुकडा जोडायची पद्धत नाही म्हणे. आजोबा हट्टाने बरोबर गेले होते. त्यांना गाडी उघडलेली बघायची होती, पण कस्टमरने काचेच्या आत जायचं नाही असा नियम. सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर फोटो दाखवत होता. आजोबा टॅबकडे न बघता काचेला नाक लावून उभे.

आत बॉनेटखाली वाकलेला निळ्या युनिफॉर्ममधला पोरगा त्यांच्याकडे बघून हसला आणि हात पुसत बाहेर आला. "आजोबा, ओळखलंत? चाचांचा नातू." आयटीआय करून वर्षभरापूर्वी तिथे लागला होता. त्याने ॲडव्हायझरची नजर चुकवून खिशातून वायरचा कुरतडलेला तुकडा काढून दाखवला. आजोबांनी तो चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून ते फियाटचं पुस्तक काढलं. त्यांनी ते बरोबर आणलंय हे आम्हालाही माहीत नव्हतं. फियाट अजून आहे, मागच्या खोपीत, चार विटांवर.

"पहिली फ्री सर्व्हिस बाकी आहे," आजोबा म्हणाले.

पोराने पान उलटून तारीख बघितली, ओठ दाबून हसू आवरलं आणि ठिपक्यांच्या रेषेवरून कुपन अगदी नीट फाडलं. रविवारी सुट्टी असते, चाचांना घेऊन येतो म्हणाला.